वाळकं लाकूडही धुमसतं. आणि फुंकर मेणबत्ती विझवते पण निखारा पेटवते, असं कसं?

पाचोळा

नमस्कार मंडळी. दोन प्रश्न आहेत. एक माझा, एक माझ्या भाचीचा. तिचा जास्त अवघड आहे.

आधी माझा. पाणी तापवायला परसात लोखंडी शेगडी बसवली आहे. आत जाळी, जाळीखाली राखेचा खण, त्याला सरकतं झाकण. मागे उभा धुराचा पाइप आणि पाइपात फिरणारी चकती. लाकडं दोन महिन्यांपूर्वी तोडलेल्या झाडाची. तेव्हापासून उन्हातच पडली आहेत, सालीला हात लावला तर कोरडी ठणठणीत. कागद भुरकन जळतो, काटक्या तडतडतात, मी खूश होऊन वर एक चांगला जाड ओंडका ठेवते, आणि दहा मिनिटांत नुसता पिवळट पांढरा धूर. ओंडक्याच्या टोकाला फेस येतो आणि आतून सुंईऽऽ असा आवाज येत राहतो. फुंकून फुंकून गाल दुखतात. काल भावाने वैतागून रॉकेलची बाटली आणली. मी हातातून काढून घेतली खरी, पण 'का नको?' याचं धड उत्तर मला देता आलं नाही.

हे सगळं बघत भाची शेजारी उभी होती. वय वर्षं दहा. म्हणाली, "आत्या, मेणबत्ती तू फुंकून विझवतेस आणि शेगडी फुंकून पेटवतेस. फुंकर तर एकच आहे ना?" मी म्हटलं अभ्यास कर. पण रात्री झोप लागेना. कुणी सांगेल का?

रिकामटेकडा

फेस येतोय म्हणजे लाकूड ओलं आहे. निम्मी उष्णता त्यातलं पाणी उडवण्यातच जाते, उरलेल्या निम्म्यात काय जळणार? वर्षभर सुकवा. तोवर गीझर. भाचीला माझ्याकडून पैकीच्या पैकी मार्क.

जुनी_भट्टी

पाचोळाताई, मी अठ्ठावीस वर्षं बॉयलरवर काढली. आधी लाकूड आणि भुसा, मग कोळसा, शेवटी तेल. आता निवृत्त आहे, पण कुठे धूर दिसला की मान अजून आपोआप वळते. तेव्हा लांबण लावतो, सहन करा.

रिकामटेकडा यांचं निदान बरोबर आहे, हिशोब चुकला आहे. ताज्या तोडीच्या लाकडात वजनाने निम्मं पाणी असू शकतं. एक किलो असं लाकूड घ्या. त्यातलं अर्धा किलो पाणी तापवून त्याची वाफ करायला साधारण १.३ मेगाज्यूल लागतात. उरलेलं अर्धा किलो कोरडं लाकूड देतं ९ च्या आसपास. म्हणजे पाण्याने खाल्लं ते सातातलं एक. निम्मं नव्हे. मग शेगडी का रडते?

कारण लाकूड जळत नाही. म्हणजे ज्याला आपण जाळ म्हणतो तो लाकडाचा नसतोच. लाकूड तापलं की त्यातून वायू सुटतात आणि ते वायू जळतात. जळत्या लाकडाकडे एकदा नीट निरखून बघा, ज्वाला बऱ्याचदा लाकडाला चिकटलेली नसते, मध्ये एक बारीकशी फट दिसते. तिथून वायू वर येत असतो. हे वायू सुटायला दोनशे अंशांच्या पुढे जावं लागतं, तीनशेच्या आसपास ते भरभरून सुटतात. आणि सुटलेला सगळा वायू जळून जायचा तर सहाशेच्या आसपास आच लागते. आता ज्या भागात पाणी आहे तो भाग, पाणी संपेपर्यंत, शंभराच्या फार वर जात नाही. तुमच्या ओंडक्याचं पोट शंभरावर अडकलंय, साल तीनशेवर गेलीय. सालीतून वायू सुटतोय, पण वरून वाफ येऊन आच पाडतेय, म्हणून तो पेटत नाही. न पेटलेला वायू पाइपातून वर जातो, गार होतो, त्यालाच तुम्ही पिवळट धूर म्हणता. ते तुमचं सरपणच आहे हो, न जळता चाललेलं. खरा तोटा तिथे आहे, सातातल्या एकात नाही.

आम्ही धुराडं बघून भट्टी ओळखायचो. काळा धूर म्हणजे आत हवा कमी पडतेय, नाहीतर एकदम फार माल घातलाय. पांढरा दाट म्हणजे आत गारठा आहे किंवा माल ओला. वर नुसती हवा थरथरताना दिसली, जेमतेम करडी छटा, की वस्ताद चहाला जाऊ द्यायचा.

आता भाचीबाईंचं. तिला सांगा, मेणबत्तीत जळते ती मेणाची वाफ. वात मेण वर ओढते, आचेने त्याची वाफ होते, ती वाफ वातीभोवती जळते. जळण हवेत तरंगतंय. फुंकर मारली की तापलेली वाफ वातीवरून उडून जाते, मागून नवी वाफ यायच्या आत वात गार पडते. संपलं. निखाऱ्याचं तसं नाही. त्यातला वायू केव्हाच निघून गेलाय, उरलाय तो कोळसा. कोळसा घन आहे, फुंकरीने उडत नाही, जिथे आहे तिथेच पृष्ठभागावर जळतो. त्याच्यावर राखेची साय धरते आणि हवा अडते. फुंकर ती साय उडवते आणि ताजी हवा थेट कोळशाला लागते. फुंकर गारही करते, पण जेवढी आच नेते त्याहून जास्त आच तयार होते.

हे खरं का, ते तपासायचं असेल तर एक निखारा चिमट्याने बाहेर काढून एकटा ठेवा. आपोआप काळा पडेल. आणि तो एकटा असताना जोरात फुंकाल तर विझेलही. ढिगात तो जगतो कारण शेजारचे त्याला आच देत असतात. विस्तवाचं सगळं गणित जमाखर्चाचं आहे. किती आच तयार होते आणि किती निसटते, बाकी काही नाही.

म्हणून ओंडका एकटा ठेवू नका. एकट्या ओंडक्याची आच चारी बाजूंनी निसटते. दोन किंवा तीन फोडी, मध्ये दोन बोटं अंतर, म्हणजे समोरासमोरच्या बाजू एकमेकींना तापवतात आणि मधल्या खाचेत जाळ उभा राहतो. फोडी हा शब्द मुद्दाम वापरला. ओंडका फोडल्याशिवाय शेगडीत जाताच कामा नये. साल पाणी धरून ठेवते, फोडलं की आतला भाग उघडा पडतो आणि वाळतो. ढीग करू नका, खाली दोन आडव्या काठ्या टाकून त्यावर रचा, वारा आरपार गेला पाहिजे. वरून झाका, बाजूंनी नको. लाकूड वाळलं की टोकाला चिरा पडतात आणि दोन फोडी एकमेकींवर आपटल्या तर ठण्ण वाजतं. ओलं थप्प वाजतं. दोन महिने पुरत नाहीत, सहा महिने तरी धरा, जाड असेल तर वर्ष.

रॉकेलचं वेगळं लिहितो, हात दुखला.

सहज

जुनीभट्टीकाका, दंडवत. वाचनखूण साठवली.

एक भर घालू? मी उलटं रचते. खाली जाड फोडी, त्यावर मध्यम, त्यावर करंगळीएवढ्या काटक्या, आणि सगळ्यात वर कागद. वरूनच पेटवते. पहिल्यांदा हसले होते सगळे. पण खालचं लाकूड तापून त्याचा वायू सुटतो तेव्हा त्याला वरच्या जाळातूनच जावं लागतं, आणि तो तिथे जळून जातो. खालून पेटवलं की वरचं गार लाकूड तापत राहतं, वायू सोडतं, आणि तो वायू जाळाला न भेटताच पाइपात जातो. धूर निम्म्याहून कमी होतो, निदान माझ्याकडे तरी. मधेमधे लाकूड सारावं लागत नाही हा फायदा वेगळाच.

आणि एक प्रश्न. मी लाकडी सामानाला जवसाचं तेल लावते. परवा तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात राहिला. संध्याकाळी उचलला तर आतून चक्क ऊन लागला, आणि उग्र वास. जवळपास आग नव्हती, ऊनही नव्हतं. हा काय प्रकार?

जुनी_भट्टी

सहजताई, आधी चिंध्यांचं, कारण ते तातडीचं आहे. तो बोळा आणखी चार तास तसाच राहिला असता तर कदाचित धुमसला असता. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही. ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं, आणि त्या देवघेवीत थोडी थोडी आच सुटते. चिंधी पसरलेली असेल तर ती आच निसटून जाते, कळतसुद्धा नाही. बोळा केला की आतली आच बाहेर पडत नाही, आत तापलं की देवघेव वेगात होते, त्याने आणखी तापतं. पुन्हा तोच जमाखर्च. खर्च थांबला, जमा चालू. चिंध्या एकेक मोकळ्या, उघड्यावर पसरून वाळवा, किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा. बोळा करून कचऱ्यात कधीच नको.

आमच्या कोळशाच्या ढिगाचं हेच. कोळसा नुसता पडल्या पडल्या हवा खातो आणि आतून तापतो. म्हणून ढीग उंच करायचा नाही, करायचाच तर दाबून दाबून, म्हणजे आत वारा शिरत नाही. रोज सकाळी मी ढिगात लांब लोखंडी सळई खुपसून ठेवायचो. पाव तासाने ओढून काढायची आणि टोकापासून मागे तळवा फिरवत यायचं. कोमट लागली तर ठीक, हात ठेववेना झाला की फावडी घेऊन तेवढा भाग उपसायचा. आधी वासच यायचा म्हणा, तेलकट, घामट. अजून नाकात आहे.

वरून पेटवायची पद्धत मी कधी केली नाही. आमची भट्टी पेटली की महिनोन्महिने विझायचीच नाही, वरून काय पेटवणार? पण तुम्ही दिलेलं कारण चोख आहे. पाचोळाताई, करून बघा.

आता रॉकेल. काडी पेटवून रॉकेलच्या वाटीजवळ नेली तर गार दिवशी ते पटकन पेटत नाही. त्याची पेटण्याजोगी वाफ व्हायला चाळीस अंशांच्या आसपास तापावं लागतं. पेट्रोलला उणे चाळीसला सुद्धा तेवढी वाफ असते, म्हणून पेट्रोल कधीच कशावरही ओतायचं नाही. त्याची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीवरून सरपटत जाते आणि लांबचा विस्तव शोधते. रॉकेल त्या मानाने गरीब, असं लोकांना वाटतं. पण तुमचा भाऊ ते गार वाटीत ओतणार नव्हता, धुमसत्या शेगडीत ओतणार होता. सहाशे अंशांच्या निखाऱ्यावर रॉकेल पडलं की ते पेटतच असं नाही, आधी त्याचा पांढरा ढग होतो. शेगडीभर वाफ आणि हवा मिसळते. माणूस वाकून बघतो, पेटलं का? आणि मग कुठली तरी एक ठिणगी उठते.

मी वाकून बघितलंय. तेलावरच्या बॉयलरला नियम होता: बर्नर विझला तर पंखा काही मिनिटं चालवून आतली सगळी हवा बाहेर काढायची, मगच पुन्हा पेटवायचं. त्या दिवशी वाफेची मागणी होती, वरून ओरडा चालू होता, मी पंखा अर्ध्या मिनिटात बंद केला आणि पेटवलं. दार माझ्या अंगावर उघडलं. आवाज आठवत नाही, फक्त सगळं नारिंगी झालेलं आठवतं. भुवया गेल्या, पुढचे केस गेले, पापण्या चिकटल्या. डोळे वाचले कारण चष्मा होता. घरी गेलो तर धाकट्याने ओळखलं नाही, आणि ओळखल्यावर हसला. भुवया परत आल्या, डावी जरा विरळ आहे.

भावाला एवढंच सांगा.

अनुस्वार

मी शाळेत विज्ञान शिकवतो. भाचीसाठी एक प्रयोग, मोठं माणूस शेजारी हवंच. मेणबत्ती दोन मिनिटं जळू द्या, मग फुंका. वातीतून पांढरी धुराची दोरी वर येते. पेटती काडी त्या दोरीला लावा, वातीपासून दोन-तीन बोटं वर. ज्वाला धुरातून खाली धावते आणि वात पेटते. काडी वातीला लागलेलीच नसते! तो धूर म्हणजे मेणच, काकांनी सांगितलेली वाफ गार होऊन झालेला. वारा अजिबात नको, पंखा बंद. मायकेल फॅरेडेने १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी नुसत्या मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली होती. हा खेळ त्यांतही होता.

दुसरा, जमाखर्चवाला. बारीक जाळीची धातूची गाळणी ज्योतीवर आडवी आणा, अर्ध्या उंचीपर्यंत. ज्योत जाळीखाली कापल्यासारखी सपाट होते, वर फक्त धूर. जाळीची तार आच शोषून पसरवते, म्हणून वर गेलेला वायू पेटण्याइतका गरम राहत नाही. १८१२ साली इंग्लंडमध्ये फेलिंगच्या कोळसा खाणीत वायूचा स्फोट होऊन ९२ जण गेले. त्यानंतर १८१५ मध्ये हम्फ्री डेव्हीने खाणकामगारांसाठी जो दिवा केला तो याच तत्त्वावर: ज्योतीभोवती जाळी. खाणीतला वायू आत येऊन जळला तरी ज्वाला जाळीबाहेर पडत नाही.

आणि काडेपेटीची काडी बघायला सांगा. फुंकल्यावर ती निखाऱ्यासारखी लाल राहायला हवी ना? पण चांगली काडी लगेच काळी पडते. काड्या आधी अमोनियम फॉस्फेटच्या पाण्यात भिजवून काढतात, त्यामुळे जाळ गेल्यावर धग राहत नाही. भाचीने अजून विचारलं नसेल तर विचारेल.

रिकामटेकडा

हिशोब चुकल्याबद्दल क्षमस्व. सातातलं एक, लक्षात ठेवतो. एक शंका: रात्री निखारे राखेखाली झाकून ठेवले, खालचं झाकण आणि पाइपातली चकती दोन्ही बंद केली, तर सकाळी विस्तव आयता मिळेल ना? पाचोळाताईंचा पेटवायचा त्रासच मिटला.

जुनी_भट्टी

राखेखाली निखारे राहतात, आम्हीही ठेवायचो. राख हवाही अडवते आणि आचही धरते. पण चकती पूर्ण बंद? ताईंची शेगडी उघड्या परसात आहे म्हणून ठीक, बंद खोलीत असती तर सकाळी विस्तव उठला असता, माणसं नाही. लाल निखाऱ्यांच्या ढिगावर बारीक निळ्या ज्वाळा नाचताना बघितल्यात? तो कार्बन मोनॉक्साइड जळतोय. हवा कमी केली की ज्वाळा जातात, वायू मात्र सुटतच राहतो, न जळलेला. त्याला ना वास ना रंग. धूर नाही म्हणून लोक निर्धास्त झोपतात. खोलीत निखाऱ्याची शेगडी ठेवून झोपायचंच नाही, खिडकी किलकिली ठेवली तरी नाही. परसात असलं तरी चकतीला बोटभर फट ठेवा.

पाचोळा

सगळ्यांचे आभार. अहवाल देते.

लाकडं फोडली (भावाने, शिक्षा म्हणून). बहुतेक सगळी थप्प वाजली. त्यातल्या त्यात बारीक फांद्या ठण्ण. त्याच घेतल्या, सहजताईंसारख्या उलट्या रचल्या, वरून कागद पेटवला आणि हात मागे बांधून उभी राहिले. हेच सगळ्यात अवघड गेलं. पाच मिनिटं काही होतंय असं वाटेना, मग वरच्या थरात जाळ धरला, आणि खरंच, पाइपाच्या तोंडाशी नुसती हवा थरथरत होती. पाणी तापलं. फुंकणी भिंतीला टेकून होती, हात लावला नाही.

भाचीने धुराची दोरी अकरा वेळा पेटवली. मेणबत्ती संपली. नंतर तिने तीन काड्या ओढल्या, फुंकल्या, काळ्या पडलेल्या बघितल्या आणि विचारलं, "मग चौथीच्या पुस्तकात हे का नाही?" अनुस्वार सर, हे तुमच्याकडे पाठवते.

एक राहिलं. आज पाइपाची चकती फिरेना म्हणून आत डोकावले. आतून काळा, चकचकीत, वार्निशसारखा थर बसलाय. नखाने खरवडला तर निघत नाही. हे काय?

जुनी_भट्टी

ते तुमचं दोन महिन्यांचं सरपण. न जळता वर गेलेला धूर गार पाइपाला लागून चिकटला. आणि ते पेटतं, ताई. आता तुमचा जाळ चांगला होतोय, म्हणजे कधीतरी एखादी ज्वाला तिथवर पोचेल आणि पाइप आतून पेटेल, भोंग्यासारखा आवाज करत, लालभडक. तेव्हा आज शेगडी पेटवू नका. पाइप सुटा करा, तारेचा ब्रश घ्या, नाही निघाला तर जुनी साखळी आत सोडून हलवा. चकती काढून वेगळी घासा. काम परसात खाली गोणपाट अंथरून करा आणि नाकाला फडकं बांधा. आणि जे पडेल ते शेगडीत टाकू नका, भाऊ टाकेल.